पीसीवर क्रॅक ऑटोकॅड आहे? आधी नेटची वायर काढा, मग हे वाचा

असेंबल्ड पीसी घ्यायला गेलात की हार्डवेअरवाला शेवटी एक प्रश्न विचारतोच, "साहेब, सॉफ्टवेअर काय काय टाकून देऊ?" आणि आपण पण भाजीवर कोथिंबीर मागावी तसं सांगतो, ऑटोकॅड टाक, सॉलिडवर्क्स टाक, जमलं तर मास्टरकॅम पण टाक, म्हणजे ड्रॉइंग, थ्रीडी मॉडेल आणि मशीनचे प्रोग्रॅम बनवायची महागडी सॉफ्टवेअरं. भोसरीत माझा पहिला पीसी असाच आला होता, एका निळ्या पेनड्राइव्हमधून, आणि त्या पेनड्राइव्हची कॉपी मी पुढे सहा-सात जणांना तरी दिली असेल, त्यामुळे हे कुणी सोवळं नेसलेला माणूस लिहितोय असं समजू नका. जिग-फिक्स्चर, म्हणजे मशीनवर पार्ट पक्का धरायची साधनं, त्यांच्या डिझाइनचं जॉबवर्क करतो, आधी स्वतःचं ऑफिस या क्रॅकमधून, म्हणजे लायसन्सची तपासणी तोडून फुकट चालवलेल्या सॉफ्टवेअरमधून, बाहेर काढलं आणि मग ओळखीतली तीन वर्कशॉप. ते काम कुठल्या क्रमाने करायचं ते सांगतो, कारण क्रम चुकला की केलेलं सगळं पाण्यात जातं.

क्रॅकसोबत जी टेक्स्ट फाइल येते ती एकदा शांतपणे वाचा. अँटिव्हायरस बंद करा, नेट काढा, फाइल ॲडमिन म्हणून रन करा. म्हणजे अनोळखी माणसाला घराची किल्ली द्यायची, तिजोरीची द्यायची, आणि तो येणार म्हणून कुत्रापण बांधून ठेवायचा. त्या फाइलमध्ये नुसता क्रॅकच आहे का अजून काही, हे ना तुम्हाला माहीत ना हार्डवेअरवाल्याला, त्याने पण कुठूनतरी उतरवलेली असते.

माझं काय झालं ते सांगतो. २०१९ ची दिवाळी संपली होती, एका रेंडरिंग प्लगिनचा क्रॅक टाकला आणि जेवायला गेलो. परत येऊन बघतो तर सगळ्या ड्रॉइंगच्या नावापुढे चार अक्षरं जास्तीची चिकटलेली आणि प्रत्येक फोल्डरमध्ये रीडमी नावाची एक टेक्स्ट फाइल, त्यात ९८० डॉलर मागितलेले, ७२ तासांत दिले तर निम्मे म्हणजे ४९० डॉलर. हा स्टॉप नावाचा रॅन्समवेअर, काही लोक डीजेव्हीयू म्हणतात, आणि याचा मुख्य धंदाच क्रॅक आणि कीजेन (नकली लायसन्स नंबर बनवणारे प्रोग्राम) यांतून पसरायचा. एमसिसॉफ्ट कंपनीने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये याच्या १४८ प्रकारांसाठी फुकट टूल काढलं होतं, मी आशेने लावून बघितलं, पण ते मुख्यतः ऑगस्टच्या आधीच्या प्रकारांसाठी, माझा नवीन निघाला. हा व्हायरस प्रत्येक फाइलचा सुरुवातीचा साधारण दीडशे केबीचाच भाग लॉक करतो, त्यामुळे मोठे व्हिडिओ कधीकधी वाचतात, पण आपली टूडी ड्रॉइंगची फाइल अख्खी असते किती? शंभर-सव्वाशे केबी. संपलं. मग मी पार्ट्यांना फोन करून माझीच ड्रॉइंग त्यांच्या मेलमधून परत मागवली, एका पर्चेसवाल्याने विचारलं पण, "तुमच्याकडे कॉपी नाही?" काय सांगणार.

आणि खरं सांगू का, रॅन्समवेअर निदान आलेला कळतो. पासवर्ड चोरणारे प्रोग्राम कळतपण नाहीत. रेडलाइन, लुम्मा असली नावं ऐकली असतील, हे पण क्रॅकच्या पोटातून येतात, ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले पासवर्ड आणि चालू लॉगिनच्या कुकीज उचलतात आणि निघून जातात. कुकी गेली की समोरच्याला पासवर्ड किंवा ओटीपी पण लागत नाही, तुमचं चालू सेशनच त्याच्याकडे जातं. आता आठवून बघा डिझाइनच्या पीसीवर काय काय उघडलेलं असतं, जीएसटी पोर्टल, करंट अकाउंटचं नेटबँकिंग, पार्टीचं व्हेंडर पोर्टल. बहुतेक छोट्या ऑफिसात हे सगळं एकाच मशीनवर चालतं.

तर पहिलं काम तपासणी, पाच मिनिटांची. डेस्कटॉपच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात घड्याळाच्या वर फिकट अक्षरात टेस्ट मोड लिहिलेलं दिसतं का बघा. दिसलं तर कुणीतरी विंडोजची ड्रायव्हर तपासायची कडी काढून ठेवलीय, आपल्याकडे बहुतेक वेळा डोंगलवाल्या (यूएसबीला लावायची लायसन्सची किल्ली) कॅम सॉफ्टवेअरचा, म्हणजे मशीनचे प्रोग्रॅम बनवणाऱ्याचा, नकली डोंगल चालवायला हे करतात, आणि कडी एकासाठी काढली की सगळ्यांसाठी निघते. मग सी ड्राइव्हमध्ये विंडोज, त्यात सिस्टम३२, त्यात ड्रायव्हर्स, त्यात ईटीसी फोल्डर, तिथली होस्ट्स नावाची फाइल नोटपॅडमध्ये उघडा. हॅशने सुरू होणाऱ्या ओळी नेहमीच्या असतात, पण १२७.०.०.१ पुढे सॉफ्टवेअर कंपनीच्या साइटचं नाव दिसलं तर ती क्रॅकची ओळ, आणि अँटिव्हायरसच्या साइटचं नाव दिसलं तर मामला त्याच्या पुढचा आहे. मग विंडोज सिक्युरिटी उघडा, व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शनमध्ये मॅनेज सेटिंग्ज, तिथे खाली एक्सक्लूजन्स. त्या यादीत एखादं फोल्डर नाही तर अख्खा सी ड्राइव्ह टाकलेला सापडला तर तुमचा अँटिव्हायरस नुसता खुर्ची अडवून बसलाय. एका वर्कशॉपमध्ये मला अख्खा सी सापडला होता, मालक वर म्हणतो, "पण रोज हिरवी टिक दाखवतो की."

ऑटोकॅडवाल्यांनी अजून एक बघायचं. प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये ड्रॉइंगच्या शेजारी एकॅड नावाची एलएसपी किंवा एफएएस फाइल पडलीय का. ऑटोकॅड ड्रॉइंग उघडताना ती आपोआप लोड करू शकतो आणि त्याचाच फायदा २०१२ मध्ये सापडलेल्या मेद्रे नावाच्या वर्मने, म्हणजे स्वतःच पसरणाऱ्या व्हायरसने, घेतला होता, ईसेट कंपनीने तो पकडला, पेरू देशात सगळ्यात जास्त पसरला होता आणि लोकांची ड्रॉइंग गुपचूप चीनमधल्या मेल अकाउंटवर पाठवत होता. म्हणजे चोरायचं होतं ते पैसे नव्हे, ड्रॉइंगच. पार्टीने झिप पाठवली, त्यात ही फाइल पण आली, तुम्ही पुढे वायरकटवाल्याला तीच झिप पाठवली, असा प्रवास. नव्या व्हर्जनमध्ये असल्या फाइल आपोआप लोड व्हायला आळा घालणारी सिक्युअरलोड नावाची सेटिंग असते, कमांड लाइनवर टाइप करून ती १ किंवा २ आहे ना बघा, शून्य असेल तर कुणीतरी मुद्दाम केलीय. अर्थात तुमच्या आधीच्या ड्राफ्ट्समनने स्वतःची लिस्प (ऑटोकॅडमध्ये चालणारा छोटा प्रोग्राम) लिहून ठेवली असेल तर तीपण याच नावाची असू शकते, सरसकट डिलीट मारू नका, आधी उघडून बघा.

आता कायद्याचं. इथे लोक एक तर फार घाबरतात नाहीतर अजिबात घाबरत नाहीत. कॉपीराइट कायदा १९५७ चा, त्यात कलम ६३बी आहे, जाणूनबुजून पायरेटेड प्रोग्राम कॉम्प्युटरवर वापरला तर किमान ७ दिवस ते जास्तीत जास्त ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड. वापर धंद्यासाठी नसेल तर कोर्ट कैद न देता ५० हजारांपर्यंतच्या दंडावर सोडू शकतं, पण तुमच्या दाराबाहेर पाटी लागलीय आणि बिलावर जीएसटी नंबर आहे म्हणजे ती पळवाट तुमची नाही. याशिवाय कंपनी दिवाणी दावा टाकू शकते, आणि सॉफ्टवेअरच्या दाव्यांत दिल्ली हायकोर्ट लोकल कमिशनर नेमून थेट ऑफिसात तपासणीला पाठवतं, आधी कळवून नाही.

"आमचा पीसी ऑफलाइन असतो, कुणाला कळतंय" हे मी शंभर वेळा ऐकलंय. सॉफ्टवेअरच्या आत स्वतःचीच तपासणी करणारा भाग असतो, कॉपी छेडलेली वाटली की आयपी ॲड्रेस, नेटवर्क कार्डाचा नंबर, कॉम्प्युटरचं नाव, मेलचं डोमेन असली माहिती साठवतो आणि नेट मिळालं की पाठवतो. आणि नेट मिळतंच, कुणीतरी रविवारी मोबाइलचं हॉटस्पॉट लावून व्हॉट्सॲप वेब उघडतो. शिवाय भांडून नोकरी सोडून गेलेला माणूस असतोच, त्याला कुठल्या मशीनवर काय टाकलंय ते तोंडपाठ असतं.

आता महत्त्वाचं. नोटीस आधीच आली असेल तर फॉरमॅट मारू नका. हे उलटं वाटेल पण नोटीस आल्यावर पुसापुसी केली की साध्या प्रकरणाला पुरावा नष्ट केल्याचा रंग चढतो. फोनवर "हो सर, दोनच पीसीवर होतं" असलं काही बोलून जाऊ नका, लेखी मागा, नोटीस खरी आहे का ते कंपनीच्या अधिकृत साइटवरच्या पत्त्यावर विचारा कारण या नावाखाली भामटेपण मेल पाठवतात, आणि वकिलाकडे जा. मागच्या तारखेचं बिल बनवून देतो म्हणणारा कुणी भेटला तर त्याच्या दारातपण उभं राहू नका. नोटीस आली नसेल तर पुढचं वाचा.

साफसफाईचा क्रम असा. नेटची वायर काढायची, वायफाय बंद. पासवर्ड बदलायचे ते मोबाइलवरून, त्या पीसीवरून नाही, लोक नेमकं इथे चुकतात, घाईघाईत त्याच मशीनवर नवा पासवर्ड टाकतात म्हणजे चोराला ताजा माल. आधी मेलचा बदला, कारण बाकी सगळ्यांची रीसेट लिंक तिथेच येते, मग बँक, मग जीएसटी, आणि प्रत्येक ठिकाणी सगळ्या डिव्हाइसवरून लॉग आउट करा, नाहीतर चोरलेली कुकी चालूच राहते. पैसे गेलेले दिसले तर त्याच मिनिटाला सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन, दुसऱ्या दिवशी बघू म्हणायचं नाही.

मग बॅकअप. डिस्क काढून दुसऱ्या स्वच्छ पीसीला लावा किंवा पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून कॉपी करा, आणि फक्त कामाच्या फाइल घ्या, ड्रॉइंग, पार्ट, असेंब्ली, स्टेप, पीडीएफ, एक्सेल. ईएक्सई नाही, सेटअपचे फोल्डर नाही, मॅक्रोवाली एक्सेल असेल तर बाजूला ठेवा. हे करताना लोक छोट्या गोष्टी विसरतात आणि महिनाभर रडतात, प्लॉटची सीटीबी फाइल, टायटल ब्लॉकचं टेम्प्लेट, कॅमची टूल लायब्ररी, मशीनचा पोस्ट (कॅमचं काम त्या मशीनच्या भाषेत उतरवणारी फाइल), हॅच आणि ब्लॉकची लायब्ररी. मी सीटीबी विसरलो होतो, आठ वर्षं हाताला बसलेल्या लाइनच्या जाड्या पुन्हा एकेक रंग घेऊन लावत बसलो, प्रिंट काढायची, बघायची, फाडायची. त्यानंतर डिस्क पूर्ण साफ, नुसता सी नाही, डीमध्ये सेटअपचं फोल्डर राहिलं तर हौशी ड्राफ्ट्समन आठवड्यात परत टाकतो. विंडोजपण लायसन्सवालाच टाका, खालून केएमएसवाला क्रॅक आणि वर पैसे देऊन घेतलेलं कॅड याला अर्थ नाही, आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय हे पण धरून चाला. रोजच्या कामाला ॲडमिन नसलेलं युजर अकाउंट. बॅकअपच्या दोन डिस्क, त्यातली एक कायम काढलेली, कारण लावून ठेवलेली डिस्क रॅन्समवेअर पहिली खातो.

आता पैशाचा भाग, म्हणजे खरी अडचण. पण आधी खरेदीला धावू नका. आठवडाभर एक वही ठेवा, कोण कुठलं सॉफ्टवेअर कशासाठी उघडतो लिहा. माझ्या मित्राच्या वर्कशॉपमध्ये, दोन व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारी मिलिंग मशीन) आणि एक लेथ, चार पीसीवर ऑटोकॅड होतं. वहीत काय निघालं? ड्रॉइंग काढणारा एकच. क्वालिटीवाला फक्त उघडून डायमेन्शन बघतो, स्टोअरवाला प्रिंट मारतो आणि मालकाच्या पीसीवर ते नुसतंच होतं, मान म्हणून. बघायला आणि प्रिंटला ऑटोडेस्कचाच डीडब्ल्यूजी ट्रूव्ह्यू फुकट आहे, सॉलिडवर्क्सच्या फाइल बघायला ईड्रॉइंग्ज व्ह्यूअर फुकट. चारातले तीन प्रश्न एका दुपारी संपले.

ड्राफ्टिंग करणाऱ्यासाठी, काम टूडीच असेल तर ऑटोकॅडचं एलटी व्हर्जन पूर्ण ऑटोकॅडपेक्षा बरंच स्वस्त पडतं. ऑटोडेस्कने सुटं कायमचं लायसन्स विकणं २०१६ मध्ये बंद केलं, आता भाडंच, दरवर्षी. ते पटत नसेल तर झेडडब्ल्यूकॅड आणि ब्रिक्सकॅड अजून कायमचं लायसन्स देतात, कमांडपण जवळपास त्याच, एल दाबलं की लाइन, टीआर दाबलं की ट्रिम, ड्राफ्ट्समन दोन दिवस कुरकुर करतो आणि मग विसरतो. लिब्रेकॅड फुकट आहे पण त्यातून डीडब्ल्यूजी, म्हणजे ऑटोकॅडची नेहमीची फाइल, सेव्ह होत नाही, डीएक्सएफच, लेझर कटिंगवाल्याला प्रोफाइल पाठवायला झकास, पार्टीसोबत रोज फाइल इकडून तिकडे करायला नाही.

थ्रीडीला फ्रीकॅड. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याचं १.० आलं, आधी एखादं भोक हलवलं की पुढचे सगळे फीचर कोसळायचे ते बरंच कमी झालंय, असेंब्लीपण आता आतच आहे आणि स्ट्रेस ॲनालिसिसला कॅल्क्युलिक्स सॉल्व्हर जोडलेला आहे. चाळीस-पन्नास पार्टचं फिक्स्चर मी त्यात करतो, चालतं. तीनशे पार्टचं मशीन असेल तर उगीच हट्ट करू नका, विकतच्या सॉफ्टवेअरची एक सीट, म्हणजे एका माणसाचं लायसन्स, घ्या. फ्युजनचं पर्सनल आणि ऑनशेपचं फुकट व्हर्जन लोक धंद्याला वापरतात ते चूक आहे, दोन्ही बिनधंद्याच्या कामासाठी आहेत, आणि ऑनशेपच्या फुकट अकाउंटमधली ड्रॉइंग सगळ्या जगाला दिसतात. पार्टीसोबत एनडीए, म्हणजे गुप्ततेचा करार, सही केलाय ना? मग तिचा पार्ट तिथे चढवणं म्हणजे चौकात फ्लेक्स लावल्यासारखं आहे. तसंच पोराच्या कॉलेजच्या मेलवरून घेतलेलं स्टुडंट लायसन्स. शिकायला घ्या, खुशाल घ्या, जॉबवर्कला नाही. सॉलिडवर्क्सच्या स्टुडंट व्हर्जनमधली फाइल उघडली की त्यावर तसा शिक्का दिसतो, तुमच्या आधी पार्टीच्या डिझाइनवाल्याला दिसेल.

सिव्हिलवाल्यांना वेगळं सांगतो, कारण तिथे माणसं आत राहायला जाणार असतात. भूकंपाचा कोड आयएस १८९३ भाग १ आणि सळ्यांच्या डिटेलिंगचा आयएस १३९२०, दोन्ही २०१६ मध्ये बदलले. क्रॅकवाला स्टॅड, म्हणजे बिल्डिंगच्या ॲनालिसिसचं सॉफ्टवेअर, बहुतेक वेळा एक जुनं व्हर्जन धरून बसलेला असतो, अपडेट मारला की क्रॅक जातो म्हणून कुणी हात लावत नाही, मग कोडच्या आधी निघालेल्या कॉपीत नवा कोड येणार कुठून? इंजिनिअर ड्रॉपडाउनमध्ये दिसतो तोच कोड निवडतो आणि रिपोर्टवर सही करतो. स्टील कनेक्शन आणि मेंबरच्या डिझाइनला आयआयटी बॉम्बेच्या फॉसी प्रोजेक्टमधून आलेलं ओस्डॅग आहे, फुकट, आयएस ८०० २००७ प्रमाणे. अख्ख्या बिल्डिंगच्या ॲनालिसिसची जागा ते घेत नाही, ते काम लायसन्स असलेल्या कन्सल्टंटकडून करून घ्या. आकडेमोडीला मॅटलॅब वापरणाऱ्यांना सायलॅब आणि ऑक्टेव्ह आहेत, आणि आयआयटी बॉम्बेच्याच स्पोकन ट्युटोरियलमध्ये यातल्या बऱ्याच गोष्टी मराठीतून शिकवलेल्या आहेत, फार कमी लोकांना माहितीय.

कॅममध्ये मात्र मी काटकसर सुचवणार नाही. कॅम घेताना निम्मे पैसे पोस्टचे असतात असं समजा, डीलरचा माणूस मशीनपाशी उभा राहून तुमच्या कंट्रोलरला पोस्ट जुळवून देतो. क्रॅक घेतलं की पोस्ट कुणाकडून तरी मागून आणलेला. त्याच मित्राकडे दुसऱ्या मशीनचा पोस्ट लावला होता, स्क्रीनवर सिम्युलेशन एकदम गुळगुळीत, आणि प्रोग्रॅममध्ये टूल बोलावलं टी३ आणि लेंथ ऑफसेट लावला एच२, म्हणजे लांबी धरली दोन नंबरच्या टूलची. दोन नंबरचं टूल आखूड, तीन नंबरचं लांब ड्रिल. ऑपरेटरने सिंगल ब्लॉकवर, म्हणजे एकेक ओळ थांबवत, न चालवता सायकल स्टार्ट दाबलं, पुढचा आवाज शेजारच्या गाळ्यात ऐकू आला. ड्रिल गेलं, क्लॅम्प गेला, स्पिंडलच्या बेअरिंगचं काम निघालं, मशीन अकरा दिवस बंद. तक्रार कुणाकडे करणार?

विकत घेताना ऑथराइज्ड डीलरच गाठा. शॉपिंग साइटवर तीन वर्षांचं ऑटोकॅड हजारभर रुपयांत दिसलं तर ते बहुतेक कुठल्यातरी कॉलेजचं अकाउंट कापून विकलेलं असतं. खरं असेल तर लायसन्स तुमच्या कंपनीच्या मेलवर, सॉफ्टवेअर कंपनीच्या साइटवर लॉगिन करून दिसलं पाहिजे आणि बिल तुमच्या जीएसटी नंबरवर पाहिजे. १८ टक्के जीएसटीचं क्रेडिट मिळतं, वर्षाचं भाडं खर्चात जातं, कायमचं घेतलं तर कॉम्प्युटरसोबत ४० टक्के घसारा, तुमच्या सीएला विचारून घ्या. भाव करताना एक लक्षात ठेवा, ऑटोडेस्कचं आर्थिक वर्ष ३१ जानेवारीला संपतं, सॉलिडवर्क्सवाल्या दासोचं डिसेंबरला, त्याआधीच्या दोन आठवड्यांत डीलरला टार्गेट पुरं करायचं असतं. मी माझी सीट जानेवारीच्या शेवटच्या शुक्रवारी घेतली, संध्याकाळी सहानंतर, तो स्वतःच फोन करत होता. बिलं एका फाइलला लावून ठेवा, मोठी पार्टी व्हेंडर ऑडिटला आली की आजकाल तीपण मागते.

तो निळा पेनड्राइव्ह ऑफिस साफ करताना ड्रॉवरमध्ये सापडला. फेकला तर कुणीतरी उचलून लावून बघेल, म्हणून ड्रिल मशीनवर वाइसमध्ये धरून त्याला आठ एमएमचं भोक पाडलं. ज्या सहा-सात जणांना कॉपी दिली होती त्यातल्या चौघांना फोन झालाय, बाकीच्यांचे नंबर बदललेत.